'लवाझो' म्हणजे पक्षी, पण हा पक्ष्यांचा उपसागर नव्हे

२०२४ च्या अखेरीस बर्ड फ्लूचा विषाणू हिंदी महासागराच्या दक्षिणेतल्या केर्गेलेन बेटांवर पोहोचल्याची बातमी आली. पाठोपाठ एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या यादीत शेजारच्या हर्ड बेटाचं नाव झळकलं. तिथे माणूस राहतच नाही, त्यामुळे पेंग्विनांवर कर बसवल्याचे विनोद आठवडाभर फिरले. दोन्ही वेळा बऱ्याच जणांनी कुतूहलाने नकाशा उघडला असणार. त्यात केर्गेलेनच्या अगदी वरच्या टोकावर झूम केलं की डोकं खाजवायची वेळ येते. एका नकाशात तिथे 'बे द लवाझो' लिहिलंय, दुसऱ्यात 'पोर्ट-क्रिसमस', आणि जुन्या इंग्रजी नकाशात 'ख्रिसमस हार्बर'. पाणी मात्र तेच, किनाराही तोच.

या नावांचा शब्दशः अर्थ लावला तर चकायला होतं. 'लवाझो' म्हणजे फ्रेंचमध्ये पक्षी. तिथे पक्षी रग्गड आहेत, पण नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही. 'पोर्ट' आहे, पण धक्का नाही. आणि बेटसमूहाला ज्याचं नाव मिळालं, तो केर्गेलेन नावाचा दर्यावर्दी या उपसागरात उतरलाच नाही.

आधी जागा कळू द्या

मुंबईहून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या आसपासून जाल, आणि त्यानंतर हजारो किलोमीटर नुसतं पाणी. ४८–४९ अंश दक्षिणेला, किंचित उजवीकडे म्हणजे पश्चिमेला, केर्गेलेन लागेल. अंतर साधारण साडेसात हजार किलोमीटर. रेखांश जवळपास सारखा असल्यामुळे वेळही जवळपास तीच: मुंबईत बारा वाजले की तिथे साडेअकरा.

या पट्ट्याला उप-अंटार्क्टिक म्हणतात. अंटार्क्टिकाकडचं थंडगार पाणी जिथे उत्तरेच्या जरा उबदार पाण्याला भेटून त्याच्याखाली जातं, त्या सीमेच्या आजूबाजूचा हा प्रदेश. ध्रुवासारखा कायम गोठलेला नाही, पण उन्हाळा म्हणावा असा उन्हाळाही नाही. केर्गेलेनवरच्या फ्रेंच तळावर वर्षाचं सरासरी तापमान साडेचार अंशांच्या आसपास असतं. झाड एकही नाही. पश्चिमेचा वारा बारा महिने वाहतो, कारण या अक्षांशावर त्याला अडवायला पृथ्वीवर जमीनच फारशी नाही.

मुख्य बेट, ग्रांद तेर, साडेसहा हजार चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. त्याच्या उत्तर-वायव्येला लोराँशे नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्याच्या टोकाशी आपला उपसागर: ४८ अंश ४१ मिनिटं दक्षिण, ६९ अंश आणि दोन-तीन मिनिटं पूर्व.

सह्याद्री पाहिलेल्याला तिथली जमीन ओळखीची वाटेल. लाव्ह्याचे थरांवर थर, एकाखाली एक टप्पे, मध्ये ताशीव कडे आणि वर सपाट माथा. दोन्हीकडे बेसाल्टच, म्हणजे आपला काळा कातळ. पण एक गैरसमज इथेच दूर करू. दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो जोडला जातो मॉरिशसजवळच्या रीयुनियन बेटाखालच्या तप्त ठिकाणाशी, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो त्या जागेशी. केर्गेलेनखालचं तप्त ठिकाण वेगळं. भारतात त्याचा धागा झारखंडच्या राजमहाल टेकड्यांशी जुळतो. तेव्हा सह्याद्री आणि केर्गेलेन भाऊ नव्हेत. एकाच पद्धतीने बांधलेली दोन वेगळ्या मालकांची घरं.

बे, हार्बर, पोर्ट: तीन नावं, पण माप वेगवेगळं

'बे' म्हणजे जमिनीत आत शिरलेला, तोंड रुंद असलेला समुद्र. 'हार्बर' म्हणजे त्यातला आडोशाचा भाग, जिथे नांगर धरतो आणि लाट मोडते. फ्रेंच 'पोर्ट' हा शब्द जुन्या सागरी नकाशांत याच अर्थाने येतो. क्रेन, गोदी, कस्टमचा माणूस यांतलं काहीही त्यात गृहीत नाही.

म्हणून आजच्या फ्रेंच वापरात दोन्ही नावं सुखाने नांदतात. बाहेरचा, पूर्वेला उघडणारा मोठा भाग तो बे द लवाझो, आणि आत निमुळता होत गेलेला आडोसा तो पोर्ट-क्रिसमस. घराचं नाव एक आणि माजघराचं एक, असं समजा. जुने इंग्रज नकाशे मात्र 'ख्रिसमस हार्बर' सगळ्यालाच सरसकट लावतात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

उत्तरेला कॅप फ्राँसे हे भूशिर. आतल्या टोकाला काळ्या वाळूचा किनारा आणि गोड्या पाण्याचा ओढा. एका अंगाला साधारण चारशे मीटरचा टेबलासारखा सपाट डोंगर, दुसऱ्या अंगाला साडेपाचशे मीटरच्या आसपासचा माँ हॅव्हर्गल. तोंड पूर्वेला असल्यामुळे पश्चिमेची लाट आत येत नाही. शिडाच्या जहाजाला पाणी भरायला याहून चांगली जागा त्या भागात सहज मिळत नसे.

लाट येत नाही, वारा मात्र येतो. उंच इमारतीच्या आडोशाला उभं राहिलं तर वारा थांबत नाही, वरून वळसा घालून झोताने खाली येतो. इथे तेच डोंगरांमुळे होतं. जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं १८४० च्या मे ते जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, इथे नांगरून होती. ६८ दिवसांपैकी ४५ दिवस वादळी वारा होता, आणि पाऊस किंवा बर्फ नसलेले दिवस मोजून तीन. वाऱ्याने पाण्यात ढकललं जाऊ नये म्हणून कधीकधी किनाऱ्यावर आडवं पडावं लागे, असं रॉसने लिहून ठेवलंय. 'सुरक्षित हार्बर' या शब्दाचा अर्थ तिथे एवढाच: नांगर धरतो.

पहिलं नाव: जहाजाचं

ईव-जोसेफ द केर्गेलेन या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला ही जमीन फेब्रुवारी १७७२ मध्ये पहिल्यांदा दिसली. त्याच्या सोबतच्या 'ग्रो-व्हाँत्र' जहाजावरचे लोक नैऋत्येकडच्या एका खाडीत उतरले आणि फ्रान्सच्या राजाच्या नावाने ताबा जाहीर करून आले. केर्गेलेन स्वतः उतरला नाही. तो पॅरिसला परतला आणि या भूमीला 'दक्षिणेतला फ्रान्स' ठरवून तिच्या सुपीकतेचं भरघोस वर्णन करून मोकळा झाला.

त्या वर्णनाच्या जोरावर दुसरी मोहीम निघाली: 'रोलाँ', 'लवाझो' आणि 'दोफीन' अशी तीन जहाजं. डिसेंबर १७७३ मध्ये जमीन दिसली. हवामान वाईट होतं, माणसं आजारी होती. अखेर ६ जानेवारी १७७४ रोजी 'लवाझो'वरचा अधिकारी रोशगूद होडीने या उपसागरात उतरला, ताब्याचा मजकूर लिहिलेलं चर्मपत्र बाटलीत घालून ठेवलं आणि परतला. उपसागराला नाव मिळालं ते त्या जहाजाचं. 'पक्ष्यांचा उपसागर' असं भाषांतर करणं म्हणजे 'विक्रांत' जहाजावरून पडलेल्या नावाचं 'पराक्रमी खाडी' करण्यासारखं आहे.

केर्गेलेन याही वेळी किनाऱ्याला लागला नाही. परत गेल्यावर त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तुरुंगवास झाला.

दुसरं नाव: तारखेचं

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने ही जमीन आधी एकदा शोधली होती, आणि त्याला ती सापडली नव्हती. कारण समजून घेण्यासारखं आहे. केपटाऊनला त्याला कळलं होतं की फ्रेंचांना ४८ अंश दक्षिणेला, मॉरिशसच्या रेखांशावर जमीन सापडली. मॉरिशसचा रेखांश साडेसत्तावन्न अंशांच्या आसपास. खरी जमीन ६९ अंशांवर. फरक साडेअकरा अंशांचा. त्या अक्षांशावर एक रेखांश साधारण ७३ किलोमीटरचा होतो, म्हणजे चूक आठशे किलोमीटरच्या वर. नागपूरला जायचं आणि पत्ता मुंबईच्या जरा पुढचा मिळाला, अशातली गत. फेब्रुवारी १७७३ मध्ये त्याने त्या पाण्यात शोध घेतला आणि नाद सोडला.

अक्षांश बरोबर आणि रेखांश चुकीचा, असंच का? अक्षांश सूर्याच्या दुपारच्या उंचीवरून मिळतो. साधन साधं आणि हिशेब सोपा. रेखांशाला मात्र एका ठरलेल्या ठिकाणची अचूक वेळ जहाजावर माहीत असावी लागते. घड्याळ चार मिनिटं चुकलं की रेखांश एक अंश चुकतो. हलत्या, दमट जहाजावर महिनोन्महिने बिनचूक चालणारी घड्याळं तेव्हा नुकती कुठे बनू लागली होती.

तिसऱ्या सफरीत कुककडे चांगली माहिती होती आणि चांगलं घड्याळही. २४ डिसेंबर १७७६ ला जमीन दिसली. बाहेरच्या एका सुळक्याला त्याने आपला मास्टर, म्हणजे जहाज हाकण्याची जबाबदारी असलेला अधिकारी, विल्यम ब्लाय याच्यावरून 'ब्लाय्ज कॅप' म्हटलं. हाच ब्लाय पुढे 'बाउंटी'वरच्या बंडामुळे गाजला. फ्रेंचांनी त्याच सुळक्याला 'भेटीचं ठिकाण' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्यावर कुकची टिप्पणी खास आहे: इथे आकाशातल्या पाखरांशिवाय दुसरं कोण कोणाला भेटणार?

दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला, कुकचं जहाज 'रेझोल्यूशन' उपसागरात नांगरलं. माणसं आधी कामाला लागली: पाणी भरायचं, जहाजावरच्या उपाशी जनावरांसाठी गवत शोधायचं. सुट्टी मिळाली २७ तारखेला. त्या दिवशी फिरायला गेलेल्या एकाला उत्तरेच्या बाजूला खडकाला तारेने बांधलेली बाटली सापडली. आत लॅटिन मजकूर होता: फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, त्याचा नौदलमंत्री द ब्वान, आणि १७७२ व १७७३ ही वर्षं.

या वर्षांनीच कुकला फसवलं. दुसऱ्या मोहिमेचा तपशील त्याच्याकडे नव्हता, म्हणून ही बाटली १७७२ मध्ये उतरलेल्या लोकांची असावी असं त्याने धरलं. प्रत्यक्षात ते लोक या उपसागरात आलेच नव्हते, आणि बाटली ठेवली गेली जानेवारी १७७४ मध्ये. मजकुरात जी वर्षं होती ती मोहिमांची होती, त्या दिवसाची नव्हती. दगडावर, चर्मपत्रावर किंवा ताम्रपटावर वर्ष कोरलेलं असलं म्हणजे तो लेख त्या जागी त्याच वर्षी ठेवला गेला असं होत नाही. शिलालेखांवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कुकने चर्मपत्राच्या पाठीमागे आपल्या दोन जहाजांची नावं आणि 'डिसेंबर १७७६' लॅटिनमध्येच लिहिलं, बाटलीत १७७२ सालचं दोन पेन्सचं चांदीचं नाणं टाकलं, तोंडाला शिशाचं टोपण घातलं आणि दगडांच्या राशीत ती पुन्हा ठेवली. हार्बरला नाव दिलं ख्रिसमस.

सणावरून नाव देणं ही त्याची सवयच होती. १७७४ चा नाताळ दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी गेला, तिथे 'ख्रिसमस साउंड'. १७७६ चा इथे. १७७७ चा प्रशांत महासागरात, तिथे 'ख्रिसमस आयलंड', म्हणजे आजचं किरिटिमाटी. इंडोनेशियाच्या खालचं ख्रिसमस बेट मात्र कुकचं नव्हे. त्याला ते नाव १६४३ मध्येच मिळालं होतं. तेव्हा नुसतं 'ख्रिसमस' वाचून ठिकाण ठरवायला जाऊ नका.

फ्रेंच नाव आधीचं होतं, मग इंग्रजी का टिकलं?

कारण नाव देणं एक आणि नाव चालणं वेगळं. फ्रेंच होडी आली, बाटली ठेवली आणि गेली. कुकच्या सफरीचा वृत्तांत १७८४ मध्ये छापून आला. त्यासोबत नकाशा होता, चित्रकार जॉन वेबरने काढलेलं हार्बरचं चित्र होतं, आणि तो युरोपभर वाचला गेला. पुढची शंभर वर्षं इथे येणारे बहुतेक लोक सील आणि देवमासे मारणारे इंग्रज व अमेरिकन. त्यांच्या हातात इंग्रजी नकाशे, तोंडात इंग्रजी नावं. नंतर रॉस आला, १८७४ च्या जानेवारीत 'चॅलेंजर' हे ब्रिटिश संशोधन जहाज आलं. त्यांनीही 'ख्रिसमस हार्बर'च लिहिलं.

आपल्याकडे विजयदुर्गाचं असंच आहे. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत तो 'घेरिया' म्हणून भेटतो. दोन नावं माहीत नसलेल्या वाचकाला त्या दोन वेगळ्या लढायांच्या दोन वेगळ्या जागा वाटू शकतात.

फ्रान्सने १८९३ मध्ये 'यूर' जहाज पाठवून ताबा पक्का केला, आणि तेव्हापासून नावांचा कल फ्रेंचकडे झुकला. कुकचा 'रॉयल साउंड' आज 'गोल्फ द्यु मॉर्बियाँ' आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या आखाताचं नाव इथे आणून बसवलंय. पण सगळी इंग्रजी नावं पुसली गेली नाहीत. 'पोर्ट-क्रिसमस' हे अर्धं भाषांतर करून ठेवलं, पुरतं फ्रेंच 'नोएल' केलं नाही. बेटावरच्या मोठ्या हिमटोपीलाही आज फ्रेंच नकाशांत कुकचंच नाव आहे.

जो उतरलाच नाही, त्याचं नाव कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, आणि कुकलाही तो मोह झाला होता. जमिनीचा ओसाडपणा पाहता तिला 'उजाड बेट' म्हणणंच योग्य, पण केर्गेलेनचा मान हिरावून घ्यायचा नाही, असं त्याने लिहिलं. यात सौजन्य होतं तसा थोडा चिमटाही असावा, असं मला वाटतं: ज्याने सुपीक म्हणून गायलं, त्याच्याच गळ्यात ती ओसाड जमीन बांधली. 'डेसोलेशन' हे नाव मात्र खलाशांच्या तोंडी राहिलंच.

मूळ स्थानिक नाव कोणतं?

कोणतंच नाही. कधीच नव्हतं. बॉम्बेचं मुंबई करताना लोकांच्या तोंडचं जुनं नाव हाताशी होतं. केर्गेलेनवर युरोपियन जहाजांपूर्वी माणूस राहिल्याचा पुरावा नाही, म्हणून 'मूळ नाव परत आणा' ही मागणी इथे लागूच होत नाही. भांडण आहे ते दोन पाहुण्यांचं.

बॉम्बेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो: पोर्तुगीज 'बॉम बहिया' म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, ही व्युत्पत्ती अजून ठासून सांगितली जाते. पोर्तुगीजमध्ये बहिया स्त्रीलिंगी आहे. 'चांगली' हे विशेषण 'बोआ' व्हायला हवं होतं. कानाला गोड लागणाऱ्या व्युत्पत्तीवर व्याकरण उलटतं ते असं.

शेवटी नाव ठरवतं कोण?

जगभराच्या नावांवर शिक्का मारणारं एकच कार्यालय नाही. संयुक्त राष्ट्रांचा तज्ज्ञगट तत्त्वं सुचवतो, निर्णय ज्या त्या देशाचा. अंटार्क्टिकासाठी शास्त्रज्ञांच्या समितीची सामाईक नामसूची आहे, पण ती ६० अंश दक्षिणेच्या खाली लागू होते. केर्गेलेन ४९ वर, आणि फ्रान्सच्या दक्षिणी प्रदेशांचा भाग. त्याचा कारभार रीयुनियनमधल्या सेंट-पियेरहून चालतो. म्हणजे अधिकृत नावं फ्रेंच. बाकीचे देश आपापल्या नकाशात जुनं रूप ठेवतात, त्यांना कुणी अडवत नाही.

स्वतः शोधायचं असेल तर इथे चुकाल

निर्देशांक टाकताना अक्षांशाआधी उणे चिन्ह विसरलात तर थेट कझाकस्तानच्या गवताळ माळावर पोहोचाल. हे फार वेळा होतं.

जुन्या फ्रेंच नकाशात रेखांश ६६ अंश ४० मिनिटांच्या आसपास दिसला तर नकाशा चुकलाय असं लगेच म्हणू नका. फ्रेंच तेव्हा रेखांश पॅरिसपासून मोजत. पॅरिस ग्रिनिचच्या २ अंश २० मिनिटं पूर्वेला आहे, तेवढे मिळवा. विसरलात तर या अक्षांशावर जागा सुमारे १७० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात सरकते.

खोलीचे आकडे जुन्या इंग्रजी नकाशात फॅदममध्ये असतात. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव, दोन्ही हात पसरल्यावर होतो तेवढा: १.८३ मीटर. ८ हा आकडा मीटर समजलात तर साडेचौदा मीटर पाण्याचं आठ करून बसाल.

आणि प्रत्यक्ष जायचं म्हणाल, तर विमानतळ नाही. रीयुनियनहून 'मारियाँ द्युफ्रेन' हे जहाज वर्षाला चारेक फेऱ्या करतं, तेही दुसऱ्या टोकाला असलेल्या पोर-ओ-फ्राँसे या तळावर. तिथून हा उपसागर सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून जास्त, मध्ये रस्ता नाही, आणि हा निसर्ग राखीव प्रदेश असल्याने परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.

कमान

उपसागराच्या दक्षिण बाजूला समुद्रात एक खडक उभा होता, आरपार पोखरलेला. पुलाच्या कमानीसारखा, असं कुकच्या वृत्तांतात वर्णन आहे. वेबरच्या चित्रात ती कमान मागे दिसते. येणारी जहाजं तिच्यावरूनच हार्बर ओळखत: दुरून कमान दिसली की तिला डावीकडे ठेवून आत वळायचं. आजूबाजूच्या खडकांत रॉसच्या माणसांना अश्मीभूत झाडाचं खोड आणि कोळशाचे थर सापडले, म्हणजे या बिनझाडाच्या बेटावर एकेकाळी जंगल होतं.

१९०८ ते १९१३ च्या दरम्यान कधीतरी कमानीचा माथा कोसळला. पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे नेमकी तारीख नाही. आधी आलेल्यांनी ती उभी पाहिली, नंतर आलेल्यांना मोकळं आकाश दिसलं. आज तिथे साधारण शंभर मीटर उंचीचे दोन खांब आहेत, मध्ये पाणी. नकाशावर त्यांचं नाव 'आर्श', म्हणजे कमान.